औषधाच्या दुकानात माणूस हवा, नुसती सही नको

३० ऑक्टोबर १८५८. शनिवारचा बाजार. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात एका ठेल्यावर पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून माणसं मरू लागली. पहिल्या दोन मुलांचे मृत्यू पटकीचे समजले गेले. मग आकडा वाढला, गोळ्यांवर संशय आला आणि तपासणीत त्यांत आर्सेनिक सापडलं. वीसएक माणसं गेली, दोनशेहून जास्त आजारी पडली.

साखर महाग होती. म्हणून मिठाईवाले तिच्यात स्वस्त पांढरी भुकटी मिसळत. कधी जिप्समची, कधी चुनखडीची. ही भुकटी औषधाच्या दुकानात मिळे. गोळ्या बनवणाऱ्याने आपल्या भाडेकरूला जवळच्या शिप्ली गावी चार्ल्स हॉजसन नावाच्या औषधविक्रेत्याकडे पाठवलं. हॉजसन त्या दिवशी आजारी होता आणि दुकानात त्याचा मदतनीस विल्यम गोडार्ड होता. भुकटी कुठे आहे, असं त्याने मालकाला विचारलं. माळ्यावर कोपऱ्यातल्या पिंपात, असं उत्तर मिळालं. गोडार्डने माळ्यावरच्या एका पिंपातून बारा पौंड पांढरी भुकटी मोजून दिली. ती आर्सेनिकची होती.

खटला झाला, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. मला इथे थांबावंसं वाटतं, कारण कायदा तेव्हाही होता. आर्सेनिकची विक्री वहीत नोंदवली पाहिजे, हे १८५१ मध्येच ठरलं होतं. फक्त ती विक्री कोण करू शकतो, याबद्दल त्या कायद्यात काहीच नव्हतं. वही होती, पण वही लिहिणाऱ्याला पांढऱ्या भुकट्यांमधला फरक कळावा अशी अट नव्हती. ती १८६८ च्या फार्मसी कायद्याने घातली: विष विकायचं तर परीक्षा देऊन नोंदणी झालेल्या माणसानेच, आणि बाटलीवर विक्रेत्याचं नाव-पत्ता लिहून.

औषधाच्या दुकानांचा इतिहास वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. जाणता माणूस जागेवर नव्हता म्हणून लोक मेले, आणि मग तो जागेवर असावा असा कायदा झाला. आपल्याकडे हा कायदा फार पूर्वीच झाला आहे. मेडिकलच्या भिंतीवर परवाना लावलेला असतो आणि त्यावर फार्मासिस्टचं नाव असतं. तो फार्मासिस्ट दुकानात नसणं आपण इतकं अंगवळणी पाडून घेतलं आहे, की त्याची चौकशी करणारं गिऱ्हाईक विचित्र ठरतं. ही सवय मोडली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आणि ती नुसत्या छाप्यांनी मोडणार नाही.

जुन्या औषधशाळांत काय काय असायचं ते आधी पाहू. जर्मनीत हायडेलबर्गच्या किल्ल्यात औषधशाळांचं एक मोठं संग्रहालय आहे. अशा संग्रहातल्या वस्तू नजरेखालून घातल्या तर एक गोष्ट जाणवते: रोग बरा करणारं उपकरण त्यांत जवळपास नसतंच. खल-बत्ते, पितळी तराजू आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या हिशेबाची वजनं असतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. वीस ग्रेनचा एक स्क्रूपल, तीन स्क्रूपलचा ड्रॅम, आठ ड्रॅमचा औंस. खाचांची पितळी पट्टी असलेलं गोळ्या वळायचं यंत्र असतं. मळलेल्या औषधाची वळी त्यावर ठेवून दाबली की सगळे तुकडे सारखे पडत, म्हणजे एका गोळीत जास्त आणि दुसरीत कमी असं होत नसे. विषाच्या बाटल्या निळ्या किंवा हिरव्या काचेच्या, षटकोनी, अंगावर उभ्या रेघा असलेल्या. का? रात्री मेणबत्तीच्या उजेडात हात चुकला तरी बोटांना कळावं म्हणून.

त्याच शतकात डॉक्टरांच्या हातीही नवी साधनं आली. १८१६ मध्ये लेनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचा आवाज ऐकला आणि स्टेथोस्कोप जन्मला. पन्नास वर्षांनी ऑलबट या इंग्रज डॉक्टरने थर्मामीटर आखूड करून खिशात मावेल असा केला. त्याआधी फूटभर लांबीचा थर्मामीटर वीस मिनिटं लावून ठेवावा लागे. ही सगळी साधनं रोग्याच्या शरीराकडे वळलेली. औषधवाल्याची साधनं मात्र त्याच्या स्वतःच्या हाताकडे वळलेली असत: मी चुकलो तर नाही ना, हेच ती विचारत. औषधाच्या दुकानाला किराण्याच्या दुकानापासून वेगळं करणारी गोष्ट हीच होती.

राज्यकर्त्यांना हे फार आधी कळलं होतं. आठव्या-नवव्या शतकात बगदादमध्ये औषधांची स्वतंत्र दुकानं होती आणि बाजाराचा निरीक्षक तिथला माल तपासत असे. सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १२४० च्या सुमारास वैद्य आणि औषधवाला हे दोन धंदे कायद्याने वेगळे केले. वैद्याने औषधाच्या दुकानात भागीदारी करायची नाही, औषधवाल्याने ठरलेल्या पद्धतीनेच औषध बनवायचं आणि तशी शपथ घ्यायची, नफाही ठरलेला. चिठ्ठी लिहिणाऱ्याला औषधाच्या विक्रीतून पैसा मिळाला तर चिठ्ठी लांबते, हे तेराव्या शतकातल्या राजाला समजलं होतं. आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला, रुग्णालयातल्याच मेडिकलमधून औषध घेण्याची सक्ती नाही, असे फलक लावायला सांगावं लागलं.

आपल्याकडे काष्ठौषधींची दुकानं जुनी, पण डॉक्टरने चिठ्ठी लिहायची आणि दुसऱ्याने औषध द्यायचं ही पद्धत इंग्रजांबरोबर आणि पोर्तुगीजांबरोबर आली. पणजीच्या वैद्यकीय शाळेत १८४२ पासून फार्मसीचं शिक्षण होतं. बाकी गावोगाव मात्र डॉक्टर आणि त्याचा कंपाउंडर हेच औषधशाळेचं रूप राहिलं. ज्यांचं लहानपण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं आहे, त्यांना दवाखान्यात घरून न्यायची बाटली आठवेल. कंपाउंडर तिच्यात लाल-गुलाबी मिक्श्चर भरायचा आणि कागदाची पट्टी कात्रीने दातेरी कापून बाटलीला चिकटवायचा. एक दाता म्हणजे एक डोस. मला ही पट्टी फार मोलाची वाटते. अक्षर न वाचणाऱ्या आईलाही किती द्यायचं ते तिच्यावरून कळे. कंपाउंडर बहुतेकदा शिकलेला नसे, त्याच्या हातून चुकाही होत असतील; पण औषध देणाऱ्याने घेणाऱ्याला मात्रा समजावून सांगायची असते, हा धडा त्या पट्टीत होता.

१९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. बाजारात भेसळीची आणि कमी ताकदीची औषधं, आणि ती विकायला कुठलंही शिक्षण लागत नाही, असं चित्र समितीने मांडलं. त्यातून पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा झाला. नियम स्पष्ट आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं. शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतलं औषध असेल तर पावतीवर उत्पादकाचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि खाली फार्मासिस्टची सही. या नियमात सुधारण्यासारखं मला फारसं काही दिसत नाही. तो पाळला जात नाही, एवढंच.

यावर नेहमी एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आता औषध दुकानात बनत नाही. कारखान्यात बनतं, प्रयोगशाळेत तपासलं जातं, सीलबंद पट्टीत येतं. पट्टी फळीवरून काढून देण्यासाठी पदविका कशाला? बारावी झालेला चुणचुणीत मुलगा नावं वाचून देतोच की. आणि औषध कारखान्यातच बिघडलेलं असेल, तर काउंटरवरचा फार्मासिस्ट तरी काय करणार?

याचं उत्तर डायएथिलीन ग्लायकॉल या एका रसायनाच्या इतिहासात शोधता येतं. रंग नाही, चव गोड, ग्लिसरीनसारखं दाट आणि त्याहून स्वस्त. पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. लघवी बंद होते. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात आणायला हेच रसायन वापरलं, रासबेरीचा स्वाद घातला आणि कुठलीही चाचणी न करता बाटल्या देशभर पाठवल्या. शंभराहून जास्त लोक मेले, त्यांत पुष्कळ लहान मुलं. मग अन्न व औषध खात्याच्या निरीक्षकांनी उरलेल्या बाटल्यांचा माग काढला. कसा काढला? वितरकांच्या याद्या, दुकानदारांच्या विक्रीच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांची नोंद. जिथे नोंद नीट होती तिथे घर सापडलं. बनवलेल्या २४० गॅलनपैकी बहुतेक सगळं परत मिळवलं गेलं. ती बाटली विषारी आहे हे दुकानदाराला ओळखता येणं शक्य नव्हतं, पण ती कुणाकडे गेली हे त्याला सांगता आलं. त्याने नीट लिहिलेल्या एका ओळीमुळे माणसं वाचली.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये हेच रसायन मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पोचलं. रुग्णांना पोटातून देण्यासाठी घेतलेल्या ग्लिसरीनमध्ये ते होतं. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय या सगळ्यांच्या हलगर्जीवर बोट ठेवलं. खरेदी, तपासणी, वाटप, प्रत्येक पायरीवर कुणीतरी आधीच्या पायरीवर विसंबला होता. २०२२ मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास मुलं गेली. जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला तो भारतात बनलेल्या सिरपांबद्दल. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक मुलांचा बळी गेला. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. खोकल्याच्या त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलचं प्रमाण ४८.६ टक्के निघालं. मर्यादा ०.१ टक्का आहे.

छिंदवाड्याचा गुन्हा कारखान्याचा आणि कारखान्यावर लक्ष न ठेवणाऱ्या यंत्रणेचा आहे. तो दुकानदाराच्या माथी मारू नये. पण त्या सिरपमधल्या घटकांकडे बघा. सर्दीच्या सिरपमध्ये येणारं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तशी सूचना लेबलवर छापावी, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कळवलं होतं. हेच दोन घटक छिंदवाड्याच्या सिरपमध्ये होते आणि मेलेली बहुतेक मुलं पाच वर्षांखालची होती. ज्याला हा नियम माहीत आहे असा माणूस काउंटरमागे असता आणि त्याने एकच प्रश्न विचारला असता, “बाळ किती वर्षांचं आहे?”, तर यांतली काही मुलं त्या बाटलीपर्यंत पोचलीच नसती. विष ओळखून नव्हे. साधा वयाचा नियम पाळून. म्हणून सीलबंद पट्टीचा आक्षेप मला मान्य नाही. दुकानातून तराजू आणि खल गेला, पण शंका घेण्याचं काम गेलेलं नाही. आधी ते औषधाच्या वजनाबद्दल होतं, आता ते रोगी आणि औषध यांच्या जोडीबद्दल आहे.

हे काम किती बारीक असतं, त्याचं एक उदाहरण पुरे. मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवाताला आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोगी ते सवयीने रोज घेऊ लागला, तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जातो. ही चूक जगभर होते, वारंवार होते. डॉक्टरने चिठ्ठीवर बरोबर लिहिलं तरी होते, कारण घरातल्या इतर सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. पट्टी हातात देताना “ही फक्त रविवारी” असं म्हणून, रविवार असं पेनाने लिहून देणारा माणूस हा त्या रोग्याचा शेवटचा पहारेकरी असतो. चुणचुणीत मुलगा पट्टीवरचं नाव बरोबर वाचेल. पण ती पट्टी रोज खाल्ली तर काय होईल, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

मग फार्मासिस्ट दुकानात का नसतो? इथे मी दुकानदारांना खलनायक ठरवायला तयार नाही. महाराष्ट्रात पदविका झालेला फार्मासिस्ट दोन वर्षं शिकतो, पाचशे तास प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतो, राज्याच्या फार्मसी परिषदेकडे नोंद करतो. मग त्याला विचारणा होते: सर्टिफिकेट दुकानात लाव, महिन्याला ठरावीक रक्कम घे, यायची गरज नाही. बारा तास उभं राहून तो जेवढं कमावेल त्यात आणि या रकमेत त्याला फार फरक दिसत नसेल, तर तो दुसरी नोकरी धरतो आणि नाव भाड्याने देतो. दुकानदाराचा हिशेबही सरळ आहे. त्याला पैसा मिळतो तो फक्त विक्रीवर. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार किंमत ठरवलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला सोळा टक्के मिळतात. फार्मासिस्टने गिऱ्हाइकाला “हे तुम्हाला नको, आधी डॉक्टरांना विचारा” असं सांगितलं, तर दुकानाला शून्य मिळतं. योग्य सल्ला दिला की तोटा, गप्प राहून पट्टी दिली की फायदा. अशा व्यवस्थेत आपण प्रामाणिकपणाची अपेक्षा करतो आणि मग छापे घालतो.

छापे घालून झाले आहेत. २०१२ च्या आसपास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टची हजेरी आणि बिल यांवर कडक मोहीम चालवली. विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवण्याचे इशारे दिले, बंद पाळले. प्रशासनाची बाजू कायद्याची होती आणि मी तेव्हाही, आताही त्याच बाजूचा आहे. पण मोहीम अधिकाऱ्याबरोबर येते आणि त्याच्या बदलीबरोबर जाते. फार्मासिस्टला जागेवर उभं राहायला कारण हवं, आणि ते कारण त्याच्या पगारात दिसायला हवं.

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा फार्मसीला प्रत्येक औषधामागे ते तपासून देण्याचं शुल्क देते. औषध स्वस्त की महाग, याच्याशी त्या शुल्काचा संबंध नाही. आपल्याकडे अशी सुरुवात छोट्या प्रमाणात करता येईल. चिठ्ठीवरच्या औषधांच्या बिलात फार्मासिस्टच्या तपासणीचं वेगळं, जाहीर आणि माफक शुल्क असावं, आणि त्याच्या बदल्यात विक्रीच्या टक्क्यात थोडी कपात व्हावी. बिलावर त्या क्षणी दुकानात असलेल्या फार्मासिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापला जावा. आधीच मारून ठेवलेला शिक्का नको. एकाच वेळी दोन दुकानांच्या बिलांवर एकच क्रमांक आला तर संगणक ते मिनिटात दाखवेल. बॅच नंबर बिलावर असेलच, तेव्हा विषारी बॅच निघाली तर १९३७ सारखं दारोदार फिरायला नको, त्या रोग्याला फोन करता येईल. शुल्काला विरोध होईल हे मला माहीत आहे. आधीच महाग औषध आणखी महाग करता का, असं लोक म्हणतील. पण आज आपण टक्केवारीतून हेच पैसे देतो आहोत, आणि बदल्यात तपासणी मिळत नाही.

ऑनलाइन औषधविक्रीबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी नियमांचा मसुदा काढला आणि तो अजून मसुदाच आहे. दुकानदार संघटना म्हणतात घरपोच औषध बंद करा, कंपन्या म्हणतात आम्ही स्वस्त देतो. खेड्यातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरपोच औषध मिळालं तर मला आनंदच आहे. प्रश्न एवढाच विचारायचा: ही चिठ्ठी कुणी वाचली, त्याचं नाव काय, आणि शंका आली तर तो रोग्याशी बोलतो का? ज्या दुकानाला किंवा ॲपला याचं उत्तर देता येतं, त्याला परवाना द्यावा. ज्याला देता येत नाही, त्याला देऊ नये, मग ते दुकान आजोबांच्या काळापासूनचं असो की कालचं.

आणि याची सुरुवात सरकारने स्वतःपासून करावी. जिल्हा रुग्णालयांत, ग्रामीण रुग्णालयांत, महापालिकेच्या दवाखान्यांत औषध विकून नफा कमवायचा प्रश्नच नाही, त्यामुळे तिथे विक्रीच्या टक्क्यांची सबबही नाही. तिथे अडचण एवढीच, की एका खिडकीमागे एक फार्मासिस्ट आणि समोर दुपारपर्यंत न संपणारी रांग असते. गोळ्या कागदात बांधून पुढे सरकवायला जेमतेम वेळ मिळतो. बाळाचं वय विचारायला किंवा “फक्त रविवारी” लिहून द्यायला कुठून मिळणार? रिकामी पदं भरणं, प्रत्येक खिडकीला बोलण्यापुरता वेळ मिळेल इतकी माणसं देणं, खरेदी झालेल्या प्रत्येक द्रव औषधाची बॅच वाटपाआधी तपासणं, हे तीन खर्च आरोग्य खात्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळींत दिसले पाहिजेत. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आपापल्या आमदाराला या तीन ओळींबद्दल विचारता येईल.